दहा मोजेपर्यंत

सोमवार, ९ जानेवारी १९८४

मी, अल्बन जॉन ट्रेव्हेना, वय वर्षे एकाहत्तर, राहणार बरांगी, पंपघर रस्ता, घर क्रमांक चार; बरांगी नगरपालिकेचा माजी मुख्य पाणीवाला, सेवा एकतीस वर्षे, सध्या निवृत्त; शिक्षण इयत्ता चौथी, परंतु चारही इयत्तांत शुद्धलेखनाचा पहिला क्रमांक; असे लिहून ठेवतो की, या वहीत जे नोंदवीन ते सत्य असेल आणि ज्या दिवशीचे असेल त्याच दिवशी लिहिलेले असेल. ही वही ठेवण्यास नगरपालिका कारणीभूत आहे. तिने आज जो ठराव केला त्याचे परिणाम वाईट होणार, हे मला स्पष्ट दिसते. ते झाले म्हणजे पुरावा हवा.

ठराव असा. धरण गावापासून साठ मैलांवर आहे. तेथून येणाऱ्या पाण्यात माझ्या आधीच्यांनी आणि मी केवळ क्लोरीन सोडला. एक फेब्रुवारीपासून त्यात अमोनियाही मिसळला जाणार. अमोनिया म्हणजे काय, हे मेंढ्यांचा गोठा झाडलेल्या कोणत्याही माणसाला विचारावे.

नवे इंजिनिअर श्री. हॅलिडे सभेत अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून फळ्यापाशी उभे होते. वय चौतीस. त्यांनी मला सर्वांसमक्ष पहिल्या नावाने हाक मारली.

"हे बघा अल्बन, आपला नळ साठ मैल उन्हात उघडा पडलाय. जानेवारीच्या भर उन्हाळ्यात त्यातलं पाणी चहाइतकं तापतं. तुमचा क्लोरीन अर्ध्या वाटेत उडून जातो. शेवटाला काही उरत नाही, आणि तिथेच तो जंतू वाढतो. दोन उन्हाळ्यांमागे खालच्या गावातली ती मुलगी गेली, नाकात पाणी जाऊन; जंतू मेंदूत शिरला. ही नवी जोडी टिकते. उडून जात नाही."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या एकतीस वर्षांत या गावात एकही मूल पाण्याने गेलेले नाही."

"तुमच्या वेळी शेवटच्या नळावर मोजलं कोणी?"

लोक हसले. खाणावळवाला स्पिरो हसला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

मंगळवार, १७ जानेवारी

आज टपालपेटीत नगरपालिकेचा गुलाबी अर्ज पडला. वर नाव नाही, केवळ "रहिवाशास" एवढेच. मजकूर असा : "ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचे मशीन आहे, अथवा ज्यांनी मासे पाळले आहेत, अशांनी नगरपालिकेच्या नोंदवहीत आपले नाव त्वरित नोंदवावे."

येथे खुलासा आवश्यक आहे. माझी पत्नी विनिफ्रेड, वय अडुसष्ट, हिची दोन्ही मूत्रपिंडे तीन वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत मशीन आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येकी पाच तास, तिचे रक्त नळीतून मशीनमध्ये जाते, धुतले जाते आणि परत येते. ब्रिस्बेनच्या इस्पितळात सात आठवडे राहून मी हे काम शिकलो. सुया मी टोचतो. आजवर एकही चुकलेली नाही.

रक्त धुण्यासाठी पुष्कळ पाणी लागते आणि त्यात क्लोरीनचा अंशही चालत नाही. इस्पितळाने कोळशाची नळकांडी दिली आहेत. पाणी त्यांतून गाळून जाते. ती दर तीन महिन्यांनी बदलायची आणि मी ती ठरल्या तारखेस बदलतो. त्यावर माझी स्वतःची सोय अशी की, परसात चौथऱ्यावर ऐंशी गॅलनची टाकी बसवली आहे. पाणी आदल्या दिवशी भरायचे, तोंड उघडे ठेवून वर डासांची जाळी टाकायची. क्लोरीन आपोआप उडून जातो. हे कोणत्याही पुस्तकात नाही. पाणीवाल्याला ठाऊक असते. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनीही मान डोलावली होती.

"भर की तो अर्ज," विनी म्हणाली. "दोन ओळी तर आहेत."

"तुझे नाव आणि सोनमाशाचे नाव एकाच नोंदवहीत?"

"मासा माझ्यापेक्षा पाणी कमी पितो आणि कटकट तर मुळीच करत नाही. मला चालेल."

"मला चालणार नाही. हे मशीन कोठे आहे हे नगरपालिकेला ठाऊक आहे. तिच्याच गाडीतून ते आले."

"तेव्हाच्या नगरपालिकेला रे. या पोराला काय ठाऊक?"

टाकीच्या चौथऱ्याचा एक पाय थोडा डगमगत होता. अर्ज चार घड्या करून त्याखाली सरकवला. माप बरोबर बसले.

बुधवार, १ फेब्रुवारी

आज नवे पाणी आले. सकाळी सहा वाजता नळ उघडून ग्लास नाकाशी धरला. वास नाही. पूर्वी क्लोरीनचा थोडा तरी यायचा. विनीचे म्हणणे असे की, एकतीस वर्षे क्लोरीनच्या गॅसजवळ काम करून माझे नाक केव्हाच जळाले आहे आणि कांदा करपला तरी मला कळत नाही. ते अतिशयोक्त आहे.

मशीन लावण्यापूर्वी नेहमीप्रमाणे तपासणी केली. माझ्याकडे सेवेच्या काळातील थेंबांची बाटली आहे. काचनळीत पाणी घ्यावे, पाच थेंब टाकावेत, पांढऱ्या फरशीसमोर धरून दहा मोजावेत. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. दहानंतर पाहू नये, नळी ताबडतोब धुवावी. १९४९ साली माझे वरिष्ठ श्री. पेनहाल यांनी शिकवले तसे मी आजवर केले आहे.

टाकीतील पाणी : दहा मोजले, रंग नाही. कोळशानंतरचे : रंग नाही.

मग केवळ जिज्ञासेपोटी थेट नळाचे पाणी तपासले. दहा मोजले. तेही पांढरे, रंग नाही! याचा अर्थ हॅलिडे यांच्या पाण्यात औषधच नाही. "टिकते" म्हणे. हे वहीत ठळक नोंदवून ठेवतो. ज्या दिवशी गावात जंतू सापडेल त्या दिवशी ही नोंद त्यांच्या टेबलावर ठेवीन.

शनिवार, ४ फेब्रुवारी

स्पिरोचे सर्व मासे मेले. अकरा. खाणावळीच्या दर्शनी काचेत त्याची पेटी होती. मुले तिच्यासाठी आत येत आणि आइसक्रीम घेऊन बाहेर पडत.

"दोस्ता, तू सांगितलंस तस्संच केलं," तो म्हणाला. "बादली रात्रभर उघडी ठेवली. आठ वर्षं तेच करतोय. सकाळी ओतली तर दुपारी सगळे वर तोंड करून, असे धापा टाकत होते, जशी काय हवाच संपली."

"तू त्यांना पाव घालतोस. पोट फुटले असेल."

"अकरा जणांचं? एकाच दिवशी?"

मी विचार केला आणि त्यास सांगितले की, बादली नीट धुतलेली नसणार. मग त्याने काचेला लावलेले "माशांना टकटक करू नये" ही पुठ्ठ्याची पाटी काढून उलटी ठेवली आणि मला कॉफी दिली. पैसे घेतले नाहीत. मेलेले मासे वर्तमानपत्रावर ठेवले होते. त्यांचे कल्ले तपकिरी झाले होते.

बुधवार, ८ फेब्रुवारी

मशीन पाच तास. तपासणी : रंग नाही. विनी थकली आहे. तिने भोपळ्याचे स्कोन, चहाबरोबरचे छोटे पाव, करायला घेतले आणि पीठ मळून झाल्यावर बसूनच राहिली. स्कोन मी भाजले. बरे झाले नाहीत.

म्हणाली, "चहाची चव वेगळी लागते, अल्बन. त्या इंजिनिअरला विचार ना काय घालतो ते."

तिला सांगितले की, चहाचा डबा नवा आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

विनीच्या ओठांना रंग नाही. काल पायऱ्या चढताना दोनदा थांबली. एकूण पायऱ्या चार आहेत.

आज मशीनवर असताना परत जाणाऱ्या नळीतील रक्त मला निराळे दिसले. नेहमी ते गडद असते. आज ते पारदर्शक, उजळ लाल होते, नाताळला आपण ग्लासात ओततो त्या पोर्ट वाइनसारखे. मी मनात म्हटले की, रक्त चांगले स्वच्छ धुतले जात असावे.

दुपारी सिस्टर कीओ आल्या. त्या येथील बारा खाटांच्या दवाखान्याच्या प्रमुख परिचारिका. मशीनचे शिक्षण त्यांना नाही, परंतु माणूस पाहण्याचे आहे. त्यांनी विनीची पापणी खाली ओढून पाहिली.

"विनी, ही पापणी आहे की कागद? रक्त कुठं चाललंय तुझं?"

"याला विचार. सुया हाच टोचतो."

सिस्टर मला बाहेर घेऊन गेल्या. "ट्रेव्हेना, मी रक्त ब्रिस्बेनला पाठवते. आठवडा लागेल. आणि पाण्याचं काय? नवं औषध आलंय म्हणतात. तुम्ही नगरपालिकेत नाव दिलंय ना?"

मी म्हणालो, "नगरपालिकेला माझा पत्ता ठाऊक आहे."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांनी ब्रिस्बेनला कळवलं असणार."

मी जे वाक्य बोललो ते शब्दशः खरे आहे. तरीही ते येथे लिहून ठेवावेसे वाटले.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सत्त्याण्णव अंश फॅरनहाइट उष्मा. पावसाच्या पाण्याची टाकी गेल्या ऑगस्टपासून कोरडी आहे. मशीनच्या पाण्याच्या टाकीत आता एक दिवसाऐवजी दोन दिवस पाणी उघडे ठेवण्याचा नियम केला. जाळीही काढली, जेणेकरून काही उरले असल्यास उडून जावे. काठीने ढवळलेही. काळजी घेण्यात कसूर नको.

सोमवार, २० फेब्रुवारी

तपासणी : रंग नाही.

विनीला धाप लागते आणि पाठ दुखते. रक्तात घाण साठत असणार असा निष्कर्ष काढून मी मशीन पाचऐवजी सहा तास चालवले. उतरताना तिला उभे राहता येईना. मी तिला उचलून पलंगावर ठेवले. तिला उचलणे इतके सोपे असू नये.

काही वेळाने ती डोळे मिटूनच म्हणाली, "अल्बन, एकदा त्या पोराला विचार. तुझी मान खाली जायची असेल तर मी नाही बघणार. मी भिंतीकडे तोंड करीन."

"बुधवारनंतर पाहू," मी म्हणालो.

"बरं, बुधवारनंतर," ती म्हणाली.

बुधवार, २२ फेब्रुवारी

जसे घडले तसे क्रमाने लिहितो.

सकाळी आठ वाजता काचनळीत कोळशानंतरचे पाणी घेतले. पाच थेंब. दहा मोजले. पांढरे. नळी धुवायला वळलो तोच आतून विनीने हाक मारली. तिला उलटी होत होती. नळी खिडकीच्या कठड्यावर, पांढऱ्या फरशीला टेकवून ठेवली आणि धावलो. तिला पुसले, निजवले, सुया टोचल्या, मशीन सुरू केले. मग हात धुवायला न्हाणीघरात आलो.

न धुतलेली नळी जागेवरच होती. तिच्यातील पाणी पिवळे झाले होते. लिंबाच्या सालीइतके पिवळे.

माझा पहिला विचार असा की, थेंब खराब झाले. पस्तीस वर्षांत मी नळी दहाच्या पुढे कधी पाहिलीच नव्हती, तेव्हा दहाच्या पुढे काय होते हे मला ठाऊक नव्हते. म्हणून खात्री करण्याचे ठरवले. मोटारीच्या बॅटरीसाठी आणलेले शुद्ध पाणी शेडमध्ये होते. ते एका नळीत घेतले, टाकीतील दुसऱ्या नळीत, थेट नळाचे तिसऱ्या नळीत. प्रत्येकी पाच थेंब. घड्याळ समोर ठेवले. दहा मोजले : तिन्ही पांढरी. मी उभा राहिलो. पहिल्या मिनिटास दोन नळ्यांना फिकट छटा आली. तिसऱ्या मिनिटास ती वाढली. पाचव्या मिनिटास नळाचे आणि टाकीचे पाणी सारखेच पिवळे होते. बॅटरीचे पाणी पांढरेच राहिले.

थेंब खराब नव्हते. नवे औषध रंग उशिरा देते.

ती पाच मिनिटे मशीन चालू होते. हे मी मुद्दाम लिहितो. शेडमध्ये जाऊन येण्याची दोन मिनिटे धरून सात.

मग मी आत गेलो, नळ्यांना चिमटे लावले आणि मशीन बंद केले. विनी म्हणाली, "झाले का पाच तास?" मी म्हणालो, "आज लवकर सोडतो." म्हणाली, "काय मेहेरबानी!" तिचे डोळे पिवळसर झाले होते.

सिस्टर कीओंना फोन केला. तीन वाजता डॉक्टरांचे विमान उतरले. विमानात विनीबरोबर एकालाच जागा होती आणि ती सिस्टरनी घेतली.

घरी आल्यावर टाकीपाशी गेलो. चौथऱ्याचा पाय उचलून अर्ज बाहेर काढला, भरण्यासाठी. उलगडला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी छापलेला आहे असे दिसले. माझ्या सेवेच्या काळात नगरपालिका कागदाच्या एकाच बाजूस लिहीत असे. मागची बाजू पाहण्याची सवय मला नाही. मागे असे होते :

"हे औषध पाणी उघडे ठेवल्याने उडून जात नाही. वासावरून ओळखता येत नाही. मशीनसाठी कोळशाची मोठी टाकी नगरपालिका विनामूल्य बसवून देईल. ती बसेपर्यंत मशीन चालवू नये."

सोमवार, २७ फेब्रुवारी

विनिफ्रेड ट्रेव्हेना, माझी पत्नी, आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्रिस्बेनच्या इस्पितळात वारली. मी शनिवारी रेल्वेने पोहोचलो होतो. डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. रक्त भरले, परंतु हृदयाला झेपले नाही. मी विचारले, "सोमवारी सहा तासांऐवजी पाच केले असते तर?" त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले की, तसे सांगता येणार नाही.

रविवारी ती शुद्धीवर होती. मी तिला नळीबद्दल सांगितले, अर्जाबद्दल सांगितले, मागच्या बाजूबद्दलही सांगितले. ती म्हणाली, "विचारलंस का त्याला?"

मी म्हणालो, "अजून नाही."

तिने भिंतीकडे तोंड केले.

सोमवार, ५ मार्च

आज सकाळी दहा वाजता नगरपालिकेत गेलो. सिस्टर कीओ आणि स्पिरो यांना बरोबर येण्याची विनंती केली होती.

श्री. हॅलिडे उठून उभे राहिले. या वेळी त्यांनी मला आडनावाने संबोधले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "घरोघर माणूस पाठवायला हवा होता. नोंदवहीत मशीनच्या रकान्यात शून्य होतं. मी ब्रिस्बेनला तेच कळवलं, शून्य. ट्रेव्हेना, मला कुणी सांगितलंच नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मग मी त्यांच्या टेबलावर काचनळी ठेवली, त्यांच्याच नळाचे पाणी घेतले, पाच थेंब टाकले आणि मोठ्याने दहा मोजले. पाणी पांढरे. श्री. हॅलिडे काही बोलणार होते. मी हात वर केला. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटे होईपर्यंत कोणी बोलले नाही. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. पाणी पिवळे झाले.

मी विचारले, "शेवटच्या नळावर आता इतके पोहोचते?"

"इतकंच पोहोचतं. शेवटपर्यंत."

"माझ्या वेळी पोहोचत नव्हते," मी म्हणालो. "मी शेवटच्या नळावर कधी मोजले नाही. मी सेवेत असताना विचारले असते तर तेव्हाही सांगितले असते. पण मला कोणी विचारू नये अशी मी व्यवस्था ठेवली होती."

हे मी या वहीसाठी म्हणालो की त्यांच्यासाठी, ते ठाऊक नाही.

नोंदवही मागितली. मशीनच्या रकान्यातील शून्य कापून एक लिहिले. समोर नाव लिहिले. तारखेपाशी आलो तेव्हा स्पिरो कानाशी वाकला.

"दोस्ता, सतरा जानेवारी टाक. कोण बघतंय? तू नाव दिलंस आणि यांनी काही केलं नाही, एवढंच ठरेल. कोर्टात खेचू यांना. तुझी वही आहे की पुराव्याला."

श्री. हॅलिडे यांनी ते ऐकले. ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी तसे लिहिले असते तर त्यांनी अडवले नसते, असे मला वाटते.

मी पाच मार्च लिहिले.

त्यानंतर त्यांच्याकडे एक मागणी केली की, अर्जाच्या मागचा मजकूर पुढे घ्यावा, पुढचा मागे टाकावा, आणि मशीनचा व माशांचा अर्ज एकच ठेवला तरी हरकत नाही. त्यांनी ते लिहून घेतले.

ही वही नगरपालिकेविरुद्ध पुरावा म्हणून सुरू केली होती. ती मी आज त्यांच्या टेबलावर ठेवीत आहे. वाचणाऱ्याने सतरा जानेवारी, आठ फेब्रुवारी आणि वीस फेब्रुवारी या तीन नोंदी प्रथम वाचाव्यात. एक अक्षरही खोडलेले नाही.

वरील मजकूर मी स्वहस्ते, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिला, त्या वेळी समक्ष हजर असलेले साक्षीदार :

श्री. डेस्मंड हॅलिडे, इंजिनिअर, बरांगी नगरपालिका.

सिस्टर मॉइरा कीओ, बरांगी दवाखाना.

श्री. स्पिरो कारास, खाणावळवाले. यांचे अकरा मासे मी सांगितलेल्या उपायाने मेले. बादली धुतलेली होती.

आणि विनिफ्रेड ट्रेव्हेना, पत्नी, आज हजर नाही. आरंभापासून बावीस फेब्रुवारीपर्यंत घरातील प्रत्येक प्रसंगी हजर होती. तिने तीन वेळा सांगितले.